एक नंबरचे भासरे

प्रश्न विचारण्यात माझ्या भासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्याकडे न बघण्यात तर साऱ्या महाराष्ट्रात नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला बजावलं, भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. माझा पदर सहा महिन्यांत खांद्यावर आला, पुढं पंजाबी ड्रेसही आला, सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. भासरे मात्र त्या दिवशी जे गप्प झाले ते झालेच. नियम सांगितला मला आणि पाळला त्यांनी! त्यांच्या तोंडी माझं नाव ‘घरात’ असं आहे. “लहान्या, घरात विचार बरं, चाय होते का?” असं ते आमच्या ह्यांना विचारणार, आणि मी तिथंच, दोन हातांवर, गाळणी घेऊन उभी. मग हे माझ्याकडे वळून तोच प्रश्न मला विचारणार, मी म्हणणार, “होतो म्हणावं,” आणि हे पुन्हा तिकडे वळणार. तोवर पहिल्या चहावर साय धरलेली असायची. एकदा घरात तिसरं कुणीच नव्हतं आणि माझं दूध उतू जायला लागलं. भासरे अंगणातून धावत खिडकीपाशी आले, आणि मला सांगायचं सोडून भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, “दूध चाल्लं म्हनाव!”

आता असा माणूस गप्प बसणारा असता तरी चाललं असतं. पण भासऱ्यांना कुणाचा तरी सल्ला घेतल्याशिवाय पाणी जात नाही घशाखाली. चपला घेतल्या की बसच्या कंडक्टरला विचारतील, “पायावर बऱ्या दिसतात का?” दाढी केली की वाण्याला विचारतील, मिशी डावीकडं जास्त उरली का. आणि वस्तू विकत घ्यायची म्हणजे तर देवाच्या दारी कौल लावल्यासारखं. अकोल्याच्या मे महिन्यात ते कूलर घ्यायला गेले तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. दुकानदाराला म्हणाले, “तुमच्या बोलन्यावर मी घेनार नाई, कूलरले विचारतो.” घरून नेलेली सतरंजी त्यांनी अंथरली आणि एकेका कूलरपुढे अर्धा अर्धा तास आडवे झाले. पाचव्यापुढे घोरायला लागले. दुकानदार उठवेना, कारण हे उठतील आणि सहाव्यापुढे झोपतील ही त्याला धास्ती. तो पाचवा कूलर पंधरा वर्षं झाली, अजून चालतो.

असल्या माणसाचा संसार ओढला तो माझ्या जाऊबाईंनी. त्या रिद्धपूरच्या, महानुभाव घरातल्या. हात जोडून ‘दंडवत प्रणाम’ म्हणायच्या तर समोरच्याचा राग अर्धा तिथंच उतरायचा. माझ्या आणि भासऱ्यांच्या मधलं टपाल बहुतेक वेळा त्याच सांभाळायच्या, आणि नुसतं सांभाळायच्या नाहीत, पोचवताना त्यात चांगला मीठमसाला घालायच्या. भासरे म्हणायचे, “भाजी बरी झाली म्हनाव,” की जाऊबाई स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, “तुये भासरे म्हनतात, अशी भाजी आपल्या सात पिढ्यात कोनी केली नाई!” मला माहीत असायचं की ते एवढं बोलायचे नाहीत. तरी दिवसभर बरं वाटायचं.

मसाला हाच त्यांचा धंदा. आम्ही नोकरीमुळं अमरावतीला, ते दोघं अकोल्यात. जुन्या अकोल्यात घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत कांडप मशीन, आणि पुडीवर जाऊबाईंचं नाव. वऱ्हाडी काळा मसाला. त्यात हात जाऊबाईंचा आणि नाक भासऱ्यांचं. त्या आत कढईत भाजायला बसायच्या आणि भासरे बाहेर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता एकदम ओरडायचे, “उतरव!” त्याच क्षणी उतरवलं तर मसाला साधला. मिरचीचं पोतं न उघडता ती कुठल्या शिवारातली हे सांगायचे. बार्शीटाकळीपासून धारणीपर्यंत पुड्या जायच्या. धारणीला तर एक जीपवाला सीटखाली ठेवून न्यायचा आणि मेळघाटच्या रस्त्यानं जीपभर वास सुटायचा म्हणे.

दोन वर्षांपूर्वी जाऊबाई गेल्या. आठ दिवसांचं दुखणं, आणि गेल्या. मी त्यांच्या उशाशी होते, आणि त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही, कारण मला लिहवत नाही. त्याच वर्षी भासऱ्यांना एक ताप आला, ताप उतरला आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. औषधं झाली, वाफा झाल्या, काही उपयोग नाही. शेणाच्या गाडीजवळून आणि मोगऱ्याच्या हारांजवळून ते सारख्याच चेहऱ्यानं जायला लागले. वास गेला तशी चवही गेली. तरी जाऊबाईंची वही पुढं ठेवून, तिच्यात लिहिलेलं तंतोतंत पाळून ते एकटे मसाला करत राहिले. वर्ष असंच गेलं, आणि एक दिवस त्यांच्या डोक्यात किडा वळवळला: आपल्याला तर कळत नाही, मग हा मसाला अजून तिचाच आहे, हे सांगणार कोण?

विचारलं त्यांनी. ह्या बाबतीत ते मागं राहतील? गिऱ्हाइकांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, सगळे म्हणाले, बढिया. “म्हनतीनच,” असं ते ह्यांना फोनवर म्हणाले. “ज्याची बायको गेली त्याच्या तोंडावर कोन वाईट बोलते? लहान्या, तिची चव नसंन त मंग तिचं नाव कायले लावू पुडीवर? बोर्ड काढतो, मशीन इकून टाकतो. पन खरं समजलं पायजे.” नेमका त्याच आठवड्यात गॅसवाल्यांचा संदेश त्यांच्या मोबाइलवर आला: आमची सेवा कशी वाटली, आकडा दाबा. नाव नाही, गाव नाही, तोंडाकडे बघायची गरज नाही. भासरे हरखलेच! सगळ्या जन्मात आपल्या मनासारखी प्रश्न विचारायची रीत त्यांना पहिल्यांदा भेटली होती. लगेच अमरावतीला आमच्याकडे फोन. “लहान्या, घरात विचार बरं, असं इचारायचं साधन कोनतं चांगलं हाय?”

मी कॉलेजच्या ऑफिसात असते, विद्यार्थ्यांचे असले ऑनलाइन फॉर्म दर वर्षी मीच बनवते. फोन स्पीकरवर होता. मी ह्यांना म्हटलं, “सांगा, एक फुकटचं आहे, पाच मिनिटांत फॉर्म करून देते.” पलीकडून ह्यांनाच उत्तर आलं, “पाच मिनिटात त आपन कोथिंबीर बी घेत नाई.” आणि मग दीड महिना आमच्या अख्ख्या गोतावळ्यानं जे भोगलं ते आमचं आम्हालाच ठाऊक.

प्रत्येक साधनाची त्यांनी कूलरसारखी परीक्षा घेतली. फॉर्म बनवायला ते चार दिवसांत शिकले, पण परीक्षेला प्रश्न तर पाहिजेत, आणि उत्तरं द्यायला नातेवाईक आहेतच! सकाळी उठावं तर मोबाइलवर भासऱ्यांचा फॉर्म. वर ‘दंडवत प्रणाम’, खाली प्रश्न: आपण झोपताना उशी घेता का? असल्यास किती? दुसऱ्या दिवशी: वांग्याचं भरीत घरात कोणाला जास्त आवडते? तिसऱ्या दिवशी: मागच्या फॉर्मचं उत्तर देताना कंटाळा आला का? माझ्या नणंदेचा घाबरून फोन आला, “वहिनी, दादाले काई झालं का व? मले उशीबद्दल इचारून राह्यला!” त्यांनी शोधलेलं पहिलं साधन नापास झालं, कारण ते आधी उत्तर देणाऱ्याचा ईमेल मागायचं. “नाव-पत्ता घेतल्यावर खरं कोन बोलीन? आन् जीपवाला ईमेल कुठून आनीन?” दुसरं दहा उत्तरं फुकट घ्यायचं आणि अकराव्याला पैसे मागायचं. “म्हंजे अकराव्या मानसाचं तोंड दाबते,” म्हणून तेही बाद. तिसऱ्यानं मराठी येतं असं सांगितलं आणि सगळ्यात खाली, उत्तर पाठवायच्या बटनावर, ‘सबमिट’ऐवजी ‘शरण जा’ असं लिहिलं. भासरे दिवसभर अस्वस्थ. “लहान्या, अर्धा किलो मसाल्यासाठी गिऱ्हाइकानं शरण काहून जावं?” चौथ्यात आकड्यांऐवजी हसरी-रडकी तोंडं होती. ती त्यांना अजिबात पटली नाहीत. “हसरं तोंड पाह्यलं की मानूस बी हसते. आपल्याले हसवाचं नाई, इचाराचं हाय.”

हे सगळं चालू असताना एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. जाऊबाई गेल्यापासून आमच्यातलं टपाल बंद पडलं होतं. ते यायचे, बसायचे, जायचे. ह्यांच्याकडून यायचा तो चहापुरता निरोप. आता मात्र फॉर्म येऊ लागले, आणि त्यातले काही फक्त मला. शनिवारी घरी आहात का? हो, नाही. कॉलेजात काम जास्त आहे का? हो, नाही. गुडघा दुखतो म्हणे, कमी आहे का? एक ते पाच. मी चिडचिड करत उत्तरं द्यायची, आणि एखाद्या दिवशी आला नाही तर मोबाइल दोनदा उघडून बघायची.

दीड महिन्यानं निवड झाली ती मी पहिल्या दिवशी सांगितलेल्या साधनाचीच. ह्यांना फोन आला, “घरात सांग, तिचं बराबर होतं.” ह्यांनी वळून मला सांगितलं आणि मीठमसाला घालायला विसरले. फॉर्ममध्ये एकच प्रश्न ठेवला: मसाला कसा झाला? एक ते पाचपैकी आकडा दाबा. खाली बारीक अक्षरात ‘एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम’ अशी ओळ होती. पण त्यांच्या जुन्या मोबाइलवर त्या ओळीमुळं आकडे खाली ढकलले जायचे, म्हणून त्यांनी तक्रार केली आणि मी ती ओळ उडवून टाकली. एवढं कुणाला कळत नाही का, म्हटलं. फॉर्म व्हॉट्सअॅपवरून सगळ्या गिऱ्हाइकांना गेला. मलाही आला. मी पाच दाबला. खरं सांगायचं तर वर्षभर मला तो मसाला शेवटी जिभेवर जरा कडसर लागत होता. पण त्या माणसाला तीन कसे देणार? डोळे मिटले आणि दाबला पाच.

आठ दिवसांनी उत्तरं उघडली. जिकडं तिकडं एक. एकाखाली एक, एक, एक. पाच अगदी तुरळक. वर त्या साधनानं लाल अक्षरात निकाल लावून ठेवला होता: आपले ग्राहक अत्यंत असमाधानी आहेत. संध्याकाळी अकोल्याहून फोन आला. “लहान्या, घरात सांग, लय तरास देल्ला तिले. खरं समजलं, बरं झालं. मशीन पाह्यले उद्या दुपारी मानूस येनार हाय.” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या फोनमध्ये एकही प्रश्न नव्हता. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी अकोल्याला गेले. हे येऊ शकत नव्हते, मी एकटीच. दुकानाचा बोर्ड उतरवून भिंतीशी उलटा उभा केलेला, मशीनवर पोतं टाकलेलं. भासऱ्यांनी मला पाहिलं आणि गल्ल्यावरच्या तराजूला म्हणाले, “पानी घ्या म्हनाव.” मी पाणी घेतलं. तेवढ्यात बार्शीटाकळीच्या मास्तरीणबाई आल्या, दहा वर्षांपासूनच्या गिऱ्हाइक. लेकीकडं पाठवायला दोन किलो मसाला द्या म्हणाल्या.

“बंद केला, बाई,” भासरे म्हणाले.

“काहून? बरी हाय ना तब्येत?”

“तुमीच लोकायनं सांगतलं ना फोनवर. सगळ्यायनं एकच देल्ला.”

“मंग? म्या बी एकच देल्ला! एक नंबर!”

“तेच म्हनतो ना मी.”

“अवो भाऊ,” मास्तरीणबाईंनी पिशवी खाली ठेवली, “एक नंबर मसाल्याले एक नंबर नाई द्याचा, त का पाच नंबर देऊ? आमच्या शाळेत पोरगं पाचव्या नंबरानं आलं त त्याची माय तोंड पाडते!”

मग भासऱ्यांनी धारणीच्या जीपवाल्याला फोन लावला, आणि जीपच्या आवाजात ऐकू जावं म्हणून तो इतका मोठ्यानं ओरडला की मलाही ऐकू आलं, “एक नंबर हाय ना भाऊ! तेच त दाबलं!” मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वीस वर्षं मार्कांच्या याद्या करणारी बाई मी, आणि आमच्याकडं कांद्यापासून जावयापर्यंत चांगलं जे काही असतं ते एक नंबरच असतं, हे विसरले! आणि ती एक ओळ उडवली होती मीच. मास्तरीणबाई उरलेल्या मालातला दोन किलो घेऊन, आम्हा दोघांवरही एकेक नजर टाकून गेल्या.

भासरे मोबाइल हातात धरून त्यातली उत्तरं बघत होते. मग तराजूला म्हणाले, “मंग हे पाच देनारे कोन?”

तराजू काय बोलणार? आता पाच म्हणजे सगळ्यात वाईट. मी म्हटलं, “एक पाच माझा आहे, दादा.”

आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. सरळ माझ्या तोंडाकडं. “तुमच्या हिशोबानं पाच, का लोकायच्या हिशोबानं?”

सव्वीस वर्षांनी मला पहिल्यांदा तोंडावर विचारलेला प्रश्न तो. त्याला मी खोटं उत्तर देऊ शकले नाही. मी म्हटलं, “माझ्या हिशोबानं दिला. चांगला म्हणून. पण खरं तर तीन द्यायचे होते. शेवटी थोडा कडसर लागतो. लोकांना आवडतो, ते खोटं नाही बोलत. पण जाऊबाईंच्या हातचा मसाला मी शेजारी बसून खाल्लाय. तो असा नव्हता.” बोलून गेले आणि मलाच रडू आलं.

मला वाटलं ते आता कोसळतील. पण ते पोत्यावर बसले आणि त्यांनी असा मोठा श्वास सोडला, जसा ताप उतरल्यावर माणूस सोडतो. “वर्षभरात एक तरी जन खरं बोललं,” म्हणाले. मग उठून जाऊबाईंची वही आणली. “हे पाहा. धने, मिरची काट्यावर. दगडफूल चार मुठी. लवंग एक मूठ. मी एक दाना इकडंतिकडं केला नाई.” आणि मला दाखवायला त्यांनी आपली मूठ मिटून वहीवर ठेवली. पोती उचलणारा हात तो. वहीचं अर्धं पान त्याच्याखाली गेलं.

मी माझी मूठ मिटून त्यांच्या मुठीशेजारी ठेवली. जाऊबाई दर संक्रांतीला कासाराकडं जायच्या आणि मला न विचारता माझ्यासाठी बांगड्या आणायच्या, स्वतःच्या हातात भरून बघून. आमचं माप एकच. भासरे एकदा आपल्या मुठीकडं बघत होते, एकदा माझ्या. माझी मूठ त्यांच्या निम्म्यानं. लवंग आणि दगडफूल वर्षभर दुप्पट पडत होतं, आणि सांगणारं नाक गप्प होतं.

त्यांनी मशीनवरचं पोतं काढलं, घडी करून बाजूला ठेवलं. “बाई,” ते म्हणाले, “तुमच्या मुठीनं टाका.” दुपारी मशीन बघायला आलेला माणूस खाटेवर बसून दोन कप चहा प्याला आणि शेवटी पाव किलो मसाला घेऊन गेला. जाताना भासऱ्यांनी त्याला विचारलंच, “कसा वाटते वास?”

त्या एका दिवसापुरतं ते माझ्याशी बोलले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपले ‘घरात सांग’. पण दर दोन महिन्यांनी माझ्या मोबाइलवर एक फॉर्म येतो: दंडवत प्रणाम. मसाला करायचा आहे. येता का? खाली दोन पर्याय असतात, ‘हो’ आणि ‘हो’. मी कधी पहिला दाबते, कधी बदल म्हणून दुसरा, आणि रविवारची बस धरते. कढईपाशी मी बसते, ते भिंतीकडं तोंड करून उभे राहतात आणि मोठ्यानं मुठी मोजतात. कडसरपणा गेला. पण ‘उतरव!’ असं ओरडणारं नाक परत आलं नाही, ती वेळ मला अंदाजानं साधावी लागते, आणि कधी साधते, कधी नाही. अगदी जाऊबाईंच्यासारखा होतो असं मी म्हणणार नाही. तेही आता विचारत नाहीत.

ह्या संक्रांतीच्या आदल्या रविवारी गेले तर मशीनच्या कठड्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. भासरे मशीनला म्हणाले, “घरात सांगा, जुन्या मापाच्या हायेत.” हिरव्या बांगड्या होत्या. जाऊबाईंची एक जुनी बांगडी खिशात घालून ते कासाराकडं गेले होते म्हणे. ना मला विचारलं, ना ह्यांना, ना नणंदेला, ना येणाऱ्या-जाणाऱ्याला. जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं कुणालाही न विचारता काही विकत आणलं होतं. मी तिथंच बसून हातात भरल्या. एकही फुटली नाही, एकही सैल झाली नाही. मग मीही मशीनकडं तोंड केलं आणि म्हटलं, “एक नंबर आहेत म्हणावं.”